मेलेल्याचा शंख

"आजोबा, मेलेल्याचा चालेल?" नऊ वर्षांच्या जोनेलनं विचारलं.

"अगं, मेलेल्याचाच पाहिजे. जित्याचा ओढून काढलास तर पाप लागेल."

गॉडफ्री क्वाशीला आपल्या उत्तरात काही वावगं वाटलं नाही. धक्क्यावर बसून तो शाळेच्या बावीस मुलांना कालवं कशी वाढतात ते शिकवत होता. वादळात कॅरिएकू बेटाच्या खाडीतली तिवरं मोडून पडली होती. कालवं तिवरांच्या मुळांना धरून वाढतात. मुळंच गेली, तर पाण्यातून वाहत आलेल्या पिल्लांनी टेकायचं कुठं? म्हणून रिकामे शंख दोरीला बांधून पाण्यात सोडायचे. पिल्लू त्यावर बसतं आणि तिथंच घर करतं. असे शंख शोधून आणा, असं त्यानं मुलांना सांगितलं होतं.

सोमवारी मुलं चार पोती ओढत आली. गॉडफ्री हरखून गेला.

"अरे, यांना तर चुना लावलाय! चुन्यावर पिल्लं लवकर चिकटतात. कुणी डोकं चालवलं हे?"

"आधीपासूनच होता," एक मुलगा म्हणाला.

"शहाणी गं माझी लेकरं!"

सगळ्यांनी मिळून शंख ओवले. निम्मे तर गॉडफ्रीनं स्वतःच्या हातानं खाडीत सोडले.

त्याची बायको इस्मे जाऊन चार वर्षं झाली होती. आमच्याकडे कबरीवर दगड लगेच बसवत नाहीत. नातलग जमले, जेवण घालायची ऐपत आली, की मग बसवतात. तोवर गेलेलं माणूस दारात अवघडून उभं असतं, असं आम्ही मानतो. इस्मेचा दगड कोरून तयार होता. तीन बेटांवरून पाहुणे आले होते, दोन बोकड पडले होते. रविवारी जेवण होतं, म्हणून शनिवारी सकाळी गॉडफ्री, मेव्हणी थिओडोरा आणि कथबर्ट गवंडी किनाऱ्यावरच्या कबरस्तानात गेले.

नाव कोरलेले दगड जागेवर होते. बाकी नुसती वाळू. तीसेक सारखेच उंचवटे. लाकडी क्रूस वादळानं नेले होते. कबरींभोवतीचे चुना लावलेले शंख तेवढे वादळातही टिकले होते. आता तेही नव्हते.

"मेलेल्याचा," गॉडफ्री पुटपुटला आणि वाळूतच बसला.

थिओडोराला सगळं कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर मात्र तिचा आवाज खाडीपलीकडे गेला. "बदामाच्या झाडाखाली होती माझी बहीण!"

"झाड कुठंय?" कथबर्टनं विचारलं.

"वादळात पडलं."

"कुंपणापासून सात पावलं," गॉडफ्री म्हणाला.

"कुंपण?"

"तेही."

"काय हो भावजी! ती जिवंत होती तेव्हा तरी कुठंय ते कधी माहीत असायचं का तुम्हाला?"

मुलांना बोलावणं गेलं. थिओडोराचा चेहरा बघून बावीसच्या बावीस मुलं म्हणाली, "आम्ही नाही."

"त्यांना कशाला दटावतेस? मीच सांगितलं होतं," गॉडफ्री म्हणाला.

"माझं सिमेंट कालवून झालंय," कथबर्ट म्हणाला. "अर्ध्या तासात त्याचाच दगड होईल. मग त्यावरच नाव कोरा."

गॉडफ्री उठला. एका उंचवट्यापाशी थांबला, मग पुढच्या, मग परत मागे आला. "हीच."

"नक्की?"

"नवऱ्याला बायको कळत नाही होय?" तो गरजेपेक्षा मोठ्यानं म्हणाला.

दगड बसला. रविवारी ढोल वाजले, माणसं जेवली. थिओडोरा दगडाला मिठी मारून रडली. गॉडफ्रीनं वाळूवर रम ओतली आणि हळूच म्हणाला, "इस्मे, असशील तर घे."

मंगळवारी जोनेल आली. फ्रॉकच्या घेरात तिनं एक मोठा शंख लपवला होता. त्याचं टोक कापलेलं होतं. गॉडफ्री होडीत असला, की जेवायला हाक मारायला इस्मे हाच शंख फुंकायची. ती गेल्यावर त्यानं तो तिच्या कबरीच्या उशाशी ठेवला होता.

"हा मी दिलाच नाही. वाजत होता म्हणून ठेवून घेतला," जोनेल म्हणाली.

"कुठून घेतलास?"

तिनं नेऊन दाखवलं. नव्या दगडापासून तीन कबरी पलीकडे, समुद्राच्या बाजूला.

"मग शनिवारी बोलली का नाहीस, बाळा?"

"तुम्हीच म्हणालात ना, नवऱ्याला बायको कळते."

गॉडफ्रीनं मागे वळून नव्या दगडाकडे पाहिलं.

"आता दगड फोडायचा?" जोनेलनं घाबरत विचारलं.

"नको. त्याच्याखाली कोण आहे कुणास ठाऊक. ज्याला विचारणारं कुणी उरलं नाही, त्यालाच जेवण मिळालं असेल. ताटावरून कसं उठवायचं?"

"मग ही आजी?"

"तिला सवय आहे. घरात पाहुणे आले, की ती शेवटीच जेवायची."

त्यानं शंख ओठाला लावला. फुंकला नाही. मग तो जोनेलच्या हातात देऊन म्हणाला, "हाही दोरीला बांध. पिल्लांना जागा होईल."

हल्ली रोज दुपारी मुलांची शिकवणी आटोपली, की गॉडफ्री कबरस्तानात जाऊन बसतो. मोकळ्या वाळूकडे तोंड आणि दगडाकडे पाठ. गावाला हे बघवत नाही. एवढा खर्च करून बायकोला दगड केला, आणि म्हातारा तिच्याकडे ढुंकून बघत नाही!

थिओडोरा मात्र आता त्याच्या बाजूनं बोलते.

"भांडण झालं की भावजी असेच बसायचे," ती सांगते. "थोडा वेळ द्या. वळतील."