फुमीबाईंच्या सपाता

फुमीबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका म्हशीची माफी मागत होत्या. डोळ्यांवर पंचा घट्ट बांधलेला, हातात बांबूची काठी. मोहाडी गावाच्या भर रस्त्यात बसलेल्या म्हशीवर आदळून त्या कमरेत वाकून पुन्हा पुन्हा काहीतरी म्हणत होत्या. म्हैस रवंथ करत होती. मी घाबरून रस्त्याच्या पलीकडे झाले.

दोन दिवसांनी कळलं, ही बाई वर्षभर आमच्याच वसतिगृहात राहणार.

आमचं वसतिगृह आंधळ्या मुलींचं. मी तिथे स्वयंपाक करायची आणि मुली सांभाळायची. मूळची रत्नागिरीकडची, चौथीत शाळा सुटलेली. विधवा झाल्यावर दिराच्या आधाराने इतक्या लांब आले, आणि दिराची बदली झाल्यावर शाळेच्या मोठ्या गुरुजींनी मला ठेवून घेतलं. त्यांचे उपकार मी अजून विसरले नाही. पण उपकाराची भीती फार. एखाद्या मुलीला काही झालं, तर मी कुठे जाणार? म्हणून जेवताना अठरा डोकी मोजायची, निजताना पुन्हा अठरा.

फुमीबाई जपानच्या. तिकडच्या अंधशाळेत उभा जन्म शिकवलेलं, आता स्वतःच्या खर्चाने इथे शिकवायला आलेल्या. मराठी शिकल्या त्या मुलींकडून, त्यामुळे माझ्यापेक्षा अस्सल इथलं बोलत. शाळा बघायला आलेले एक साहेब म्हणाले, "या मुलींना बाहेर कशाला नेता?" बाईंनी शांतपणे इकडचं 'का?' विचारलं, "काहून?"  साहेब चहा न घेताच गेले.

'काहून' झालं की दुसरं ठरलेलं, "पडन त पडन. उठन." मुलगी पायरीवरून घसरली, मी किंचाळले, की बाई जागच्या हलत नसत. "मावशी, तू काहून भेते?"

मुलीला जो रस्ता शिकवायचा तो आधी आपण डोळे बांधून चालायचा, हा त्यांचा नेम. म्हैस त्यातलीच. आमच्या शिक्षकांनाही त्यांनी सोडलं नाही. मोठ्या गुरुजींच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, तर ते आपल्याच ऑफिसात हरवले आणि कपाटाला म्हणाले, "जरा बाजूला होता का?" मुली खिदळल्या. मला हसू आलं नाही. गुरुजींचं नाक फुटलं असतं तर?

होळी झाली, ऊन तापू लागलं. बाईंचे थोडेच दिवस उरले होते. एका सकाळी त्यांनी जाहीर केलं, "आज यमुना एकटी बाजारात जाईन."

यमुना आंबागडची, अकरा वर्षांची. तिला सोडताना तिच्या बापाने माझ्यापुढे हात जोडले होते, "मावशी, पोरीले फाटकाबाहेर जाऊ देजा नको." आणि आता आठवडी बाजार! बैलगाड्या, सायकली, वर एसटी.

मी गुरुजींकडे धावले. गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "बाईंना नाही म्हणवत नाही हो. पण काही झालं तर तुम्हालाच विचारतील, मावशी."

यमुनेची एकच अट होती, मागं कोणी यायचं नाही. "मंग पोरी चिडवतात, बाईच्या शेपटीले धरून गेली म्हनून."

"मागं कोनी नाई," फुमीबाईंनी वचन दिलं. "मी खोलीत चिठ्ठी लिहिते." आणि दार लावून घेतलं.

काय आणायचं ते यमुनेने मला विचारलं. मी सुकट सांगितली. सुक्या मासळीचा वास लांबून येतो, तेवढाच पोरीला आधार.

काठी टकटक करत यमुना गेली. मी फाटकाला धरून उभी राहिले. अर्ध्या तासाचं काम. तास झाला. एसटीचा हॉर्न वाजला की मी दोन पावलं बाहेर जाई आणि परत येई. तिच्या बापाचे जोडलेले हात दिसू लागले. मनातल्या मनात मी माझी ट्रंकही भरली. दीड तास झाला तेव्हा कुठे काठी ऐकू आली.

"घ्या मावशी. मांजर लागली होती मागं."

पुडी छातीशी धरून मी बाईंना सांगायला धावले. दार नुसतं लोटलेलं होतं, परसाकडचं मागचं दार सताड उघडं. फुमीबाई खाटेवर बसल्या होत्या, साडी धुळीने माखलेली. पिशवीतून त्यांच्या रबरी सपाता डोकावत होत्या. तळपायांना फोड आले होते. डाव्या टाचेत बाभळीचा काटा, तो त्या नखांनी काढू बघत होत्या.

मला कळलं. मुली माणूस पायांवरून ओळखतात. बाईंच्या सपातांचा फटफट आवाज तर अख्ख्या शाळेला ठाऊक.

मी पिनेने काटा काढला. "बाई, मला म्हणता काहून भेते?"

"मी लय भेते, मावशी," त्या खाली बघत म्हणाल्या. "तिकडंही. दर पोरीच्या मागं, अशीच." मग माझा हात धरला. "तिले नको सांगू."

दुपारी ताटावर बसल्या बसल्या यमुना हळूच म्हणाली, "मावशी, बाईच्या पायात काटा गेला का?"

मी पळी पातेल्यात ठेवली आणि तिच्याजवळ बसले.

"नाल्यापासून लंगडून राहिल्या होत्या. चपला नव्हत्या, चटके लागत असन. मंग मी सडकेनं नाई आली. आमराईतून आली, सावलीसावलीनं. म्हनून उशीर झाला." तिने घास घेतला. "त्यांले सांगू नका. त्यांले वाटते, मले मालूम नाई."

मी दोघींपैकी कोणालाच सांगितलं नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दुसऱ्या मुलीची पाळी होती, आणि फुमीबाईंना पुन्हा चिठ्ठी लिहायची होती. सकाळी मी खराटा घेऊन फाटकाबाहेर पडले आणि नाल्यापर्यंतचा रस्ता झाडायला घेतला. बाभळीखाली जास्तच.

गुरुजी सायकलवरून येत होते. थांबले. "मावशी, सरकारी रस्ता तुम्ही कशाला झाडता?"

मी मान वर केली नाही. म्हटलं, "काहून?"