अडकलेलं भरीत

वांगी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या जाळात टाकून झाली, साली काळ्या पडायला लागल्या, आणि नेमका तेव्हा काम देणाऱ्या जीवरामनं मळ्यातल्या दोन आंब्यांच्या मध्ये कापडी फलक बांधला. 'पतसंस्थेस शासनाची भरीव मदत मिळाल्याबद्दल आभार व स्नेहभोजन.' आचारी उखर्डूनं अक्षर अक्षर लावून वाचलं आणि त्याच्या हातातला चिमटा जाळात पडला.

"जीवराम, हाई कोनी पार्टी शे?"

"पितांबर आप्पानी. चेअरमननी."

"तू तं बोलना व्हता, मळावर पार्टी शे."

"मंग? मळा आप्पानाच शे ना."

गेल्याच आठवड्यात पतसंस्थेच्या दारासमोर सगळ्या ठेवीदारांनी शपथ घेतली होती, की संचालकांच्या कामाला कोणी हात लावायचा नाही आणि त्यांच्या घरचं पाणी प्यायचं नाही. शपथ घालायची कल्पना उखर्डूची होती. सगळ्यात मोठा आवाजही त्याचाच. पण जीवरामकडून इसार घेतला तो शपथेच्या आधी, आणि तो केव्हाच सायकलला नव्या टायरांच्या रूपानं लागला होता. परत करायचा तर टायर काढून द्यायचे आणि नुसत्या चाकांवर घरी जायचं.

संस्था बुडाली होती ती आप्पांनी आणि त्यांच्या मेव्हण्या-साडूंनी आपसात कर्जं वाटून घेतल्यामुळे. कोणी फेडलं नाही. ठेवीदार दाराशी रडायला लागले तेव्हा सरकार धावून आलं आणि त्यानं संस्थेला वाचवलं. संस्थेला, ठेवीदारांना नाही. त्यांच्या हातावर दोनशे-दोनशे टेकवले, बाकीचं 'टप्प्याटप्प्यानं' म्हणाले, आणि आप्पांच्या केबिनला थंड हवेचं मशीन बसलं. त्या बाकीच्यात उखर्डू आणि त्याची बायको भागाबाई यांची भांडी अडकली होती. म्हणजे भांड्यांचे पैसे. उभा जन्म त्यानं भाड्याच्या भांड्यांत पंगती रांधल्या. लग्न कोणाचंही असो, अर्धी कमाई भांडीवाला घेऊन जायचा. स्वतःचा एक संच घ्यायचा म्हणून दोघांनी पोटाला चिमटा काढून ठेव ठेवली होती.

आणि आज समोर रचलेली भांडी कोरी करकरीत होती. पातेली, पराती, झारे, डाव. उखर्डूनं एक परात उचलून उन्हात धरली. काठावर संस्थेचं नाव कोरलेलं, आणि खाली बारीक अक्षरात, 'तुमची ठेव, आमची जबाबदारी'.

"सरकारना पैसा उना ना," जीवराम कौतुकानं म्हणाला, "त्यानी पहिली खरेदी शे."

उखर्डूनं परात खाली ठेवली. एवढ्या जोरात, की आंब्यावरचे पोपट उडाले.

तरी त्यानं ठरवलं, कोणी बघायच्या आत उरकायचं आणि सटकायचं. वांगी सोलली, बडगी नावाच्या लाकडी भांड्यात घालून मुसळीनं ठेचली, मिरच्या आणि लसणाची फोडणी दिली, कांद्याची पात टाकली. घाईत एक गोष्ट मात्र विसरला. वारा मळ्याकडून गावाकडे वाहत होता.

गावात पतसंस्थेसमोर ठेवीदारांचं धरणं चालू होतं. भागाबाई पहिल्या रांगेत. फोडणीचा वास आला तशी सगळ्यांनी माना वर केल्या. भागाबाईनं दोनदा नाक ओढलं आणि उठून उभी राहिली.

"हाऊ हात मना घरना शे," ती म्हणाली. "इतला लसूण दुसरं कोनी टाकत नही."

धरणं उठलं आणि वासाच्या मागं मागं चालायला लागलं.

मळ्यात तोवर जळगावचे साहेब जीपमधून उतरले होते. ज्यांच्या सहीनं मदत आली ते हेच. आप्पा आणि संचालक त्यांना हार घालत असतानाच बांधावर घोषणा ऐकू आल्या. उखर्डू पऱ्हाटीच्या ढिगामागे जाऊन बसला.

"उठा," भागाबाई ढिगासमोर उभी राहून म्हणाली. "डाव वर दिसी ऱ्हायना."

उखर्डू उठला. सगळा मोर्चा त्याच्याकडे बघत होता. कोणीतरी मागून म्हणालं, "शपथ घालणाराच फितूर निघाला." दुसरा म्हणाला, "भरीत तरी फुकट मिळालं असेल त्याला." भागाबाईनं पदर खोचला आणि नवऱ्याकडे असं बघितलं, की त्याला जाळ बरा वाटला.

त्यात आप्पांनी हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बघा साहेब. विरोध करणारे सुद्धा शेवटी आमच्याकडेच येतात. उखर्डू आता आमचाच माणूस आहे."

तो हात उखर्डूनं डावानंच बाजूला केला.

"बसा, बठ्ठा बसा," तो म्हणाला. "पंगत वाढस."

पाहुणे केळीच्या पानांपुढे बसले. उखर्डूनं प्रत्येकाच्या पानावर लिंबाएवढं भरीत ठेवलं, पातेल्यावर झाकण घातलं आणि झाकणावर स्वतः बसला.

"एवढंच?" साहेबांनी विचारलं. ते भरितासाठी सकाळपासून उपाशी होते.

"सध्या इतलंच. बाकीनं टप्प्याटप्प्यानं."

"अरे, पातेलं तर भरलेलं आहे."

"भरेल शे साहेब. पन अडकेल शे. काढता येत नही."

मोर्चात कोणाला तरी ठसका लागला. भागाबाईचा खोचलेला पदर तोंडाशी आला.

"उखर्डू, तमाशा नको," आप्पा दबक्या आवाजात म्हणाले. "वाढ."

"कसं वाढू आप्पा? आमनी पंगत बुडनी. आते सरकारनी मदत उनी का मंग वाढसू."

साहेबांनी आधी आप्पांकडे बघितलं, मग झाकणाकडे, मग पानावरच्या लिंबाकडे. भूक मोठी होती. त्यांनी खिशातून नोट काढली आणि ड्रायव्हरला पिटाळलं. जीप शेजारच्या वाडीतून पोतंभर वांगी घेऊन आली. उखर्डूनं पुन्हा जाळ केला. या वेळी वांगी सोलायला अर्धा मोर्चा बसला, आणि भागाबाईनं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायला घेतल्या. भरीत तयार झालं तशी पाहुण्यांनी पानं पुसून पुढे ओढली.

उखर्डू पातेलं घेऊन त्यांच्यासमोरून सरळ पुढे गेला आणि मोर्चाला वाढायला लागला.

"अहो, इकडे," साहेब म्हणाले.

"पहिले संचालक मंडळ," उखर्डू म्हणाला. "मदत उनी का पहिले आम्ही खातस. अशीच रीत शे ना आपली?"

आप्पा ताडकन उठले. रागानं त्यांच्या धोतराचा सोगा भरितात पडला.

"पैसे माझे, वांगी सरकारची, आणि खाणारे तुम्ही? माझं मला मिळायला नको?"

सगळ्या मोर्चाचं रोजचं गाऱ्हाणं आप्पांनी एका दमात, घोषणेपेक्षा चांगल्या आवाजात म्हणून दाखवलं होतं.

साहेबांनी आपल्या रिकाम्या पानावरून नजर उचलली. "आप्पा," ते हळूच म्हणाले, "हे भोजन कोणत्या खात्यातून आहे? आणि ही नवी भांडी?"

आप्पांनी जीवरामकडे बघितलं. जीवराम आंब्यावर चढून फलक सोडत होता.

आप्पा गोरेमोरे होऊन म्हणाले, "भांडी? ती काय, संस्थेची नाहीत. म्हणजे, आचाऱ्याचीच असतील."

"हा," भागाबाई पटकन म्हणाली, "आमनीच शेतस."

तिनं पराती एकात एक घालायला सुरुवात केली. मोर्चातले चार जण पातेली उचलायला धावले. साहेबांनी तोंड फिरवून उरलेल्या भरिताकडे बघितलं, आणि भागाबाईनं न मागता त्यांच्या पानावर डावभर वाढलं.

रात्री भांडी न्यायला गाडी मागवायचं कारण पडलं नाही. सगळा मोर्चाच एकेक भांडं डोक्यावर घेऊन गावात शिरला. सगळ्यात पुढे उखर्डू, सायकल हातात धरून, हँडलला झारे टांगून.

बाकीची ठेव निघायची आहे. धरणं चालू आहे. पण गावात आता कोणाचंही लग्न असलं तरी पंगत त्याच पातेल्यातून वाढली जाते, आणि आप्पा जेवायला आले की उखर्डू त्यांच्यासमोर परात अशी धरतो, की काठावरची बारीक अक्षरं त्यांना वाचता यावीत.