राजा हा भोपळा माणूस आहे

जुन्या इंग्रजीतले मोठे शब्द अनुवादकाला कधी छळत नसत. मोठ्या शब्दांना शब्दकोशात घर असतं; जाऊन कडी वाजवली की अर्थ बाहेर येतो. छळ मांडला होता तो 'बट'नं. शाळेत पहिल्या वर्षी शिकलेला एवढासा शब्द, पण या जुन्यापान्या नाटकात तो कुठे 'पण' होता, कुठे 'फक्त', कुठे 'शिवाय', आणि कुठे काय होता ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. तो तर केव्हाच वर गेलेला.

म्हणून अनुवादकानं स्वतःपुरती एक पद्धत बसवली. 'बट' आडवा आला की अडून बसायचं नाही, तिथे 'भोपळा' लिहायचं आणि पुढे सरकायचं. राजे, कट आणि खून यांच्या नाटकात खराखुरा भोपळा येण्याची भीती नव्हती. सगळं संपलं की संगणकावर भोपळे शोधायचे आणि एकेकाच्या जागी विचार करून शब्द बसवायचा. पद्धत झकास होती, आणि त्यानं ती शेवटपर्यंत पाळलीही.

हे नाटक त्याच्यासाठी नुसतं काम नव्हतं. सासरे इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक, हेच नाटक जन्मभर शिकवलेले. जावयाची ओळख करून देताना ते "हे घरीच असतात" एवढंच सांगत. पहिल्या प्रयोगाला ते पहिल्या रांगेत बसणार होते. त्यांच्या तोंडून एकदा तरी "बरं केलंय" ऐकायचं, एवढीच जावयाची इच्छा होती.

माशी शिंकली ती तापानं. तो अंथरुणात कण्हत असताना दिग्दर्शकाचा फोन आला, आणि नवऱ्याला कशाला उठवा म्हणून बायकोनं संगणकातली 'पक्की प्रत' धाडून दिली. शेजारीच 'अगदी पक्की प्रत' नावाची दुसरी आहे, हे त्या बिचारीला कोण सांगणार? त्यातून दिग्दर्शक असा, की तालमीला लेखक-अनुवादकांना फिरकू देत नसे. ते येतात आणि नटांच्या डोक्यात शंका सोडून जातात, असं त्याचं म्हणणं. तेव्हा अनुवादक रंगपटात शिरला तो थेट प्रयोगाच्या संध्याकाळी. राजा आरशासमोर मिशी चिकटवत पुटपुटत होता.

"राजा हा भोपळा माणूस आहे. हे सिंहासन भोपळा लाकूड आहे."

अनुवादक आल्या पावली बाहेर धावला. त्यानं दिग्दर्शकाला पडद्याआड गाठलं आणि नटांनी काही विचारलं नाही का, म्हणून चाचरत चौकशी केली. विचारलं होतं की. पण अनुवादक काही वेडा नाही, त्याच्या मनात मोठं काहीतरी असणार, असं सांगून दिग्दर्शकानं सगळ्यांना गप्प केलं होतं. मग त्यानं कौतुकानं वर बोट दाखवलं. सिंहासनाच्या वर कागदी लगद्याचा एक अवाढव्य सोनेरी भोपळा टांगलेला होता.

"बाहेरून लखलखीत, आतून पोकळ. सत्ता!" दिग्दर्शकानं अनुवादकाचा हात हातात घेतला. "काय सुचलंय हो तुम्हाला."

आता या माणसाला खरं कसं सांगायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तेवढ्यात घंटा झाली आणि अनुवादक मुकाट्यानं पहिल्या रांगेत बायको आणि सासरे यांच्या मधे जाऊन बसला.

पहिल्या भोपळ्याला प्रेक्षागृह चिडीचूप. दुसऱ्याला मागून कोणीतरी खोकलं. पुढे सेनापतीनं "भोपळा देव, आता आपल्याला कोण वाचवणार?" म्हणून टाहो फोडला, तेव्हा मोठा हशा पिकला. मध्यंतरानंतर मात्र लोक भोपळ्याची वाट बघू लागले, आला की माना डोलवू लागले. शेवटी घायाळ राजा वर बघत म्हणाला, "मी भोपळा एकदाच प्रेम केलं," आणि पलीकडच्या बाईंनी चक्क पदर डोळ्यांना लावला. सासरे तेवढे पुतळ्यासारखे बसून होते. अनुवादकाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

टाळ्या थांबेनात. लोक उभे राहिले. बायकोनं नवऱ्याचा हात दाबला; तिचा तर आनंद गगनात मावत नव्हता. सासरे म्हणाले, "तू हो पुढे," आणि ती गेल्यावर जावयाकडे वळले.

"तो 'बट' होता ना?"

जावयानं मान खाली घातली. ताप, बायको, दोन प्रती, सगळं एका दमात ओकून टाकलं. मला माफ करा, तुमच्या नाटकाची मी माती केली, असंही म्हणाला.

सासऱ्यांनी एकवार सोनेरी भोपळ्याकडे पाहिलं.

"मीही हे नाटक मराठीत आणायला घेतलं होतं," ते हळूच म्हणाले. "तरुणपणी. त्याच शब्दापाशी अडलो आणि कपाटात टाकलं. घरात कोणाला ठाऊक नाही."

"मग त्या जागी तुम्ही काय लिहिलं होतं?"

म्हाताऱ्यानं आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करून घेतली.

"दोडका," ते म्हणाले. "पण रंगमंचावर न्यायची छाती झाली नाही. तुम्ही बरं केलंय."