संशयित तांदूळ

तातूआबा शहाळं कानाशी धरून हलवायचे आणि मग ते उतरवणाऱ्याकडे रोखून बघायचे. "ह्येच्यातला पाणी खंय गेला?"

आमच्या गावात देवळाच्या धर्मशाळेत आम्ही काही जण मिळून धान्याची कोठी चालवायचो. घराघरातून मूठमूठ तांदूळ जमवायचे आणि पावसाळ्यात होड्या वर ओढल्या, की ज्यांच्या चुली थंडावतात त्यांना द्यायचे. मी शाळामास्तर, म्हणून माप माझ्याकडे. किल्ली मात्र तातूआबांच्या कमरेला, आणि त्यांच्या नजरेत सगळं जगच चोर. कुणी पायलीभर तांदूळ आणून दिले तर म्हणायचे, "इतको उदार कधीपास्ना झालस? तांदळांत किडे-टोके पडले काय?" गावात पहिला टीव्ही आला तेव्हा बातम्या देणारी बाई आपल्यावरच नजर ठेवून आहे, म्हणून हे उठून कोपऱ्यात जाऊन बसले. कोठी बंद करताना माझे खिसेही चाचपायचे. मी दर वेळी चिडायचो.

एका आषाढात जनीचा नवरा पाय मोडून घरी पडला. तिच्या घरातून धूर निघत नाही, असं शेजारणी कुजबुजू लागल्या. मी तांदळाची पिशवी घेऊन गेलो, तर तिने ती दारातूनच परत केली. "मास्तरांनू, धर्माचा आमका पचाचा नाय." मागे उभी असलेली तिची पोरं पिशवीकडे टक लावून बघत होती. मला वाईट वाटलं आणि तिचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी ती कोठीवरून जाताना आबा कडाडले, "गो जने, हय ये! ह्या तांदळांचो माका संशय येता. मास्तर म्हणता बरे आसत, पण तेका काय कळता? घराक व्हर, पेज कर, सगळ्यांनी खावन बघा नि माका सांगा!" ती काही बोलायच्या आत पायलीभर तांदूळ तिच्या पदरात पडले होते.

माझं डोकं फिरलं. मी स्वतः निवडलेले उकडे तांदूळ! आणि चव बघायला पायलीभर? आता मलाच आबांचा संशय येऊ लागला. ती गेल्यावर मी सरळ जाब विचारला.

"तुझ्या तांदळांक काय्येक झाला नाय रे," आबा हळूच म्हणाले. "पण तिना घेतल्यान मा?"



संध्याकाळी जनी झाकलेला टोप घेऊन आली. "आमका बरी लागली पेज. पण तुमचो कोणावर इश्वास नाय. तुम्हीच खावन बघा."

आबा पायरीवरच बसले. बायको गेल्यापासून हा माणूस सकाळचा भात रात्री खायचा. कुणाच्या पंगतीला जायचा नाही, कारण वाढणाऱ्याचाही संशय. पहिल्याच घोटाला त्यांचे डोळे भरून आले. मग ते बराच वेळ पेज नुसती ढवळत राहिले.

"कशी झाली?" जनीने विचारलं.

आबांनी मान वर केली नाही. "एका दिसान काय कळाचा नाय. फाल्या सांजेक परत घेवन ये."