दामूमामा बॅग उचलतो

आमच्या दामूमामाला तुमच्याबद्दल काहीही सांगू नका. नाव नको, गाव नको, शिक्षण तर नकोच नको. तुम्ही बसमधून उतरलात की तो पुढे येईल, "द्या हिकडं" म्हणून तुमच्या हातातली बॅग घेईल, एकदा वर-खाली करेल आणि तुम्ही गावात किती दिवस टिकणार ते मनाशी ठरवून टाकेल. त्यानंतर तुम्ही कितीही गोड बोला, निकाल लागलेला असतो.

हा सगळा उद्योग गावात येणाऱ्या डॉक्टरांपायी, असं मी कित्येक वर्षं समजत होते.

दामूमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. भाईंदरजवळच्या डोंगरीच्या पुढे, पार समुद्राला टेकलेलं आमचं आजोळ. मामा आयुष्यभर तांडेल होता, म्हणजे बोटीचा प्रमुख. म्हावऱ्याची टोपली उचलली की आत किती माल आहे ते त्याच्या हाताला कळायचं, आणि लिलावाला आलेल्या बायकाही त्याच्या हातावर भरवसा ठेवायच्या. आता बोट भाच्यांकडे गेली, मामी जाऊन काही वर्षं झाली, मुलगा मोठ्या जहाजावर नोकरीला. हात मात्र मोकळा बसायला तयार नाही. म्हणून तो बॅगा उचलतो.

मी राहते भाईंदरच्या जेसल पार्कला. आमच्या बिल्डिंगच्या खालीच एक दातांचे डॉक्टर, एक त्वचेच्या डॉक्टरीण, एक होमिओपॅथीवाले, आणि एक असे आहेत की ते नक्की काय बरं करतात हे सोसायटीत कोणालाच सांगता येत नाही. तिथून खाडी ओलांडायची नाही की डोंगर चढायचा नाही. भाईंदर स्टेशनवरून बस धरली की तासाभरात मामाचं गाव. पण डॉक्टर लोकांना त्या बसची काय अ‍ॅलर्जी आहे कोण जाणे. गावच्या दवाखान्यात नेमणूक झालेला डॉक्टर पहिल्या दिवशी समुद्राकडे बघून काय सुंदर हवा आहे म्हणतो, आणि लगेच परतीची शेवटची बस कधी असते ते विचारतो. मग दवाखान्याला कुलूप. ताप आला तरी रिक्षा करून भाईंदर, आणि बाळंतपणाला निघालेली बाई त्या रस्त्याचा एकेक खड्डा मोजत जाणार.

मामाच्या बोलण्यात 'टिकणं' हा शब्द मिठासारखा असतो. आंबा असो, जावई असो, सरकार असो, तो आधी टिकेल का ते बघतो. "माल चांगला हाय, पन टिकनार न्हाय," हे त्याचं माझ्या नवऱ्याबद्दलचं साखरपुड्यातलं मत. नवरा टिकला, पण त्याने अजून मामाला माफ केलेलं नाही.

तर एक डॉक्टर आले होते, फार सज्जन. बॅग जड होती, मामा खूश. डॉक्टर टिकवायचा म्हणून त्याने गावकीत ठराव मांडला. आमच्याकडे बोट किनाऱ्याला लागली की मिळकतीचे वाटे पडतात: बोटीचा वाटा, जाळ्यांचा वाटा, तांडेलाचा, खलाशांचा. मामा म्हणाला, अजून एक वाटा पाडा, डॉक्टरचा. ज्याचा वाटा आहे तो बोट सोडून जातो का कधी? सगळ्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांच्या दारात ताज्या बोंबलांची टोपली.

डॉक्टर पक्के शाकाहारी. घरात कांदासुद्धा विचार करून आणणारे. त्यांनी हात जोडून नको म्हटलं. आता आमच्या गावात म्हावरं नको म्हणणारा माणूस कोणी पाहिलेलाच नव्हता. नको म्हणजे लहान वाटलं, असा सरळ अर्थ निघाला. दुसऱ्या दिवशी सरंगे गेले. डॉक्टर कळवळून नको म्हणाले. मामाने बोटवाल्यांना झाडलं की शिकल्यासवरल्या माणसाची तुम्ही अब्रू काढताय. मग सुरमई गेली. डॉक्टर आता दार न उघडता आतूनच नको म्हणत होते. शेवटी गावाने इज्जतीचा प्रश्न केला आणि दारात शेवंडी, म्हणजे लॉबस्टर, ठेवल्या, त्याही जिवंत. डॉक्टरांनी दूध घ्यायला दार उघडलं तेव्हा शेवंडी आत गेल्या आणि डॉक्टर बाहेर आले. ते भाईंदरला जाऊनच थांबले. शाकाहार म्हणजे काय हे नंतर मी मामाला नीट समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मंग सांगायचं ना, सुकी धाडली असती."

त्यानंतर आल्या एक डॉक्टरीणबाई. वाट्याने काम भागत नाही म्हटल्यावर मामाने सोयरिकीचा मार्ग धरला. गावातल्याच घरात पडली की जाईल कुठे? लग्नाच्या वयाच्या सगळ्या पोरांना त्याने आपल्या अंगणात चहाला बोलावलं, बाईंची ओळख व्हावी म्हणून पोटदुखी सांगून दवाखान्यात जायचं असं शिकवलं आणि धाडून दिलं. रांगेने यायचं असतं हे तो सांगायला विसरला. इस्त्रीचे शर्ट घातलेली, केसांना तेल लावलेली सगळीच्या सगळी पोरं एकदम पोट धरून उभी. बाई हुशार. त्यांनी विचारलं, सकाळी काय खाल्लं-प्यायलंत? पोरं खरं बोलली: दामूमामांकडचा चहा. तासाभरात मामाच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून तपासायला गेलं आणि अंगणात जंतुनाशक पावडर पडली. बाईंचा साखरपुडा आधीच झालेला होता हे त्यानंतर कळलं, कारण विचारायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. लग्नाची तारीख ठरली तशा त्या गेल्या. मामाचा चहा मात्र पुढे बरेच महिने कोणी पिईना.

मग डॉक्टर येणंच बंद झालं आणि त्या जागी आल्या वनिता सिस्टर. जव्हारच्याही पलीकडच्या एका पाड्यावरची मुलगी, अंगाने बारीक, आवाज खणखणीत. मामाने स्टॉपवर तिची बॅग घेतली. कापडी, चेन तुटलेली, सेफ्टी पिन लावलेली. ती इतकी हलकी होती की मामाचा हात उगाच खांद्याच्या वर गेला. त्याने तोंड फिरवून बाजूच्या रिक्षावाल्याला सांगितलं, "पंधरा दिस. तेबी लय झाले."

सिस्टरने ते ऐकलं. म्हणाली, "मामा, घरात होतंच तेवढं."

मामाच्या शास्त्रात गरीब माणसाची सोयच नव्हती. तो इतका ओशाळला की बॅग तिच्या खोलीपर्यंत पोचवून, वर पाण्याची कळशीही भरून देऊन आला.

आणि ही पोर टिकली. तिला मासे चालत, नुसते चालत नव्हते, धावत. मामाच्या अंगणात वाळत घातलेला जवळा बघून ती म्हणाली की आमच्या आठवड्याच्या बाजारात हाच येतो, आई भाकरीबरोबर करते. मामाला तेवढंच पुरलं. आपल्या अंगणातला जवळा डोंगर चढून हिच्या आईच्या तव्यावर जातो म्हणजे ही तर घरचीच, असं त्याने गावभर केलं.

त्या घरच्या पोरीने पहिलं काम केलं ते मामाचं ब्लडप्रेशर मोजून त्याचं खारं बंद करण्याचं. तांडेलाचं खारं बंद! गाव श्वास रोखून बघत राहिलं. मामाने मान खाली घातली आणि बोंबील धुऊन, पुन्हा धुऊन, चव पार घालवून खायला लागला. रोज सकाळी दवाखान्याच्या बाकावर पहिला नंबर त्याचा. रोज मोजायची गरज नाही असं सिस्टरने सांगितलं, तर म्हणाला की मशीन चालतं का ते बघायला येतो. लसीकरणाच्या दिवशी तो तिचा लसींचा डबा उचलून पुढे चालायचा आणि प्रत्येक दारात उभा राहून पोरं बाहेर काढायला लावायचा. रडणाऱ्या पोरांना तो स्वतःचा दंड दाखवून सांगायचा की बघ, मलाही टोचलंय. साफ खोटं, सुई दिसली की मामा भिंतीकडे तोंड करतो.

गावाला सवय लागली. रात्री-बेरात्री दार वाजवलं की सिस्टर उठते ही सवय फार वाईट, ती लगेच हाडीमाशी मुरते. माझ्या मावसबहिणीच्या सुनेची पहिली खेप अवघड होती, ती सिस्टरने वेळेत ओळखली आणि स्वतः बरोबर जाऊन तिला मोठ्या हॉस्पिटलात पोचवलं. आज ते बाळ मामाच्या बोटीच्या दोरीला धरून चालायला शिकतंय.

आणि एक दिवस कळलं की सिस्टर जाणार. तिच्या पाड्याजवळच्या उपकेंद्रात नर्सची जागा भरायची होती, तिने अर्ज केला होता, निवडही झाली होती.

मी योगायोगाने त्याच रविवारी गावात होते. मामाच्या अंगणात सगळे जमलेले, आणि एकापेक्षा एक योजना चाललेल्या. कोणी म्हणे रिक्षा बंद ठेवू. कोणी म्हणे सगळे मिळून आजारी पडू. पोटदुखी नको, एवढ्यावर मात्र एकमत होतं. मामा काहीच बोलत नव्हता, कारण त्याचं काम झालेलं होतं. त्याने दुपारीच सिस्टरच्या खोलीतून बॅग उचलून आणली होती आणि स्वतःच्या खाटेखाली दडवली होती. बॅग नाही म्हणजे माणूस जाणार कसा, हा त्याचा हिशोब.

संध्याकाळी सिस्टर आली. तिला बॅग कोणी नेली हे विचारावं लागलंच नाही. ती मामासमोर जमिनीवर बसली. रागावेल असं वाटलं होतं, पण ती हळू आवाजात बोलायला लागली. तिच्या पाड्यावरून अजून आजारी माणसाला चादरीच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणतात. तिची वहिनी तशीच झोळीतून आली होती. वहिनी वाचली, मूल राहिलं नाही.

"मामा," ती म्हणाली, "तुमच्याकडे निदान हलकी बॅग तरी येते. आमच्याकडे बॅगच येत नाही."

मामा उठला. खाटेखाली वाकला, बॅग काढली, पदर नसल्यामुळे खांद्यावरच्या पंच्याने ती पुसली आणि तिच्यासमोर ठेवली. मग पुन्हा उचलली. वर-खाली केली. आणि जमलेल्या गावावर ओरडला, "अजून हलकी हाय. पोरीचा वाटा कुटं हाय?"

त्यानंतर जे झालं ते बघायला तुम्ही हवे होतात. घराघरातून सुके बोंबील निघाले, जवळा निघाला, सोडे निघाले. बॅग भरली, तिची चेन कायमची गेली. मग गोणी आली, तीही भरली. दुसऱ्या दिवशी मामा गोणी डोक्यावर आणि बॅग हातात घेऊन स्टॉपवर हजर. कंडक्टरने नाक दाबून विचारलं, "काका, ये क्या पूरा बंदर लेके जाने का है?" मामाने त्याला शांतपणे सांगितलं की नर्सबाईंचा वाटा आहे, तिकीट काढतो. सिस्टर रडत होती, गोणीवर हात ठेवून. मामा बसच्या दारात उभा राहून तिला एकच सूचना परत परत देत होता, की ब्लडप्रेशरवाल्यांना यातलं काही देऊ नकोस.

बस गेली. दवाखान्याला परत कुलूप लागलं. मामा अजून रोज सकाळी त्याच्या पायरीवर जाऊन बसतो. गावाने अर्ज केलेत, नवीन माणूस येणार म्हणतात. बस दिसली की मामा उठून उभा राहतो.

सिस्टरचा अधूनमधून फोन येतो. पहिल्या फोनवर मामाने ना तब्येत विचारली ना पगार. बॅग कुठे ठेवलीस, हे विचारलं. ती म्हणाली, माळ्यावर टाकली. फोन ठेवल्यावर मामा गल्लीभर सांगत फिरला, "माल्यावर गेली बॅग. आता टिकली पोर." सांगताना त्याचे डोळे भरलेले होते, आणि आवाज मात्र लिलावातला.

मागच्या महिन्यात मी गेले तेव्हा तो स्टॉपवरच होता. सवयीने माझ्या हातातून पिशवी घेतली. आत एक मिठाईचा पुडा आणि छत्री. त्याने ती वर-खाली केली आणि हसत म्हणाला, "चा तरी घेऊन जा गो." तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अगदी लहानपणापासून, मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही उतरलो की, मामा हेच तर करत आलाय. मुलगा येतो तेव्हा त्याची चाकांची बॅगही तो चाकं असून उचलूनच घरी नेतो. डॉक्टर तर नंतर आले.

पुढच्या शुक्रवारी मी मोठी बॅग काढली. चार साड्या, चादर, शिवाय वजनाला म्हणून इस्त्रीसुद्धा टाकली. मामाने स्टॉपवर ती उचलली आणि वाटेत दोनदा हात बदलला. "जड हाय," एवढंच म्हणाला. त्याच्या पायांना मात्र एकदम वेग आला होता.

घरी पोचल्यावर मी हातपाय धुऊन येईपर्यंत त्याने स्टूल लावून बॅग माळ्यावर पार आत ढकलून दिली होती. मामा, दोन दिवसांसाठीच आलेय, कपडे तरी बाहेर काढू दे, मी म्हटलं. त्याला ऐकू आलं नाही. तो बोंबील धुवायला बसला होता.

सोमवारी सकाळी मला निघायचं होतं. माझा हात माळ्यापर्यंत पोचेना, आणि घरातलं स्टूल सापडेना.