बॅटरी कोण खातंय?

सकाळी नवा फोन काठोकाठ भरलेला असायचा आणि अप्पा दुपारची झोप काढून उठेपर्यंत त्याने मान टाकलेली असायची. मधल्या वेळात अप्पांनी त्याला बोटही लावलेलं नसायचं. आठवडाभर हा प्रकार पाहिल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि जाहीर केलं, "गळती आहे."

अप्पांची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली होती. भरलेली टाकी कुणी न वापरता रिकामी होते, याचे त्यांच्या लेखी दोनच अर्थ होते. एक तर पाइप फुटलाय, नाही तर कुणीतरी चोरून जोडणी घेतलीय.

"अहो, नवीन आहे, रुळेल हळूहळू," माई भांडी लावता लावता म्हणाल्या.

"फोन आहे तो, सून नव्हे."

अप्पांनी मग फोनमधलं एकेक बंद करायला घेतलं. आवाज बंद केला. नकाशा बंद केला. पडद्याचा उजेड इतका कमी केला की फोन चालू आहे की बंद, हे ओळखायला तो खिडकीत न्यावा लागे. त्या अंधारात एका जुन्या सहकाऱ्याने गुडघा मोडल्याचं कळवलं, त्याला अप्पांकडून टाळ्या वाजवणारे हात गेले. त्या गृहस्थाने अजून उत्तर दिलेलं नाही. बॅटरी मात्र दुपारी संपायची ती संपतच होती.

शेवटी अप्पा फोन घेऊन दुकानात गेले. काउंटरवरच्या बाईंनी फोन हातात घेतला, पडदा दिसेना म्हणून आधी उजेड वाढवला.

"काका, दिवसभर व्हिडिओ बघता का?"

"मी बातम्यासुद्धा बघत नाही. रक्तदाब वाढतो."

"मग हे व्हिडिओ कॉल कोण करतंय? रोज दुपारचे आहेत. चांगले लांबलचक."

"कुणाला?" अप्पांनी टेबलावर मूठ आपटली. चोरटी जोडणी! त्यांना ठाऊकच होतं.

"'दवाखाना' असं नाव दिसतंय."

अप्पा मटकन खाली बसले. बसले ती खुर्ची नव्हती, टीव्हीचं खोकं होतं. बाई "काका, उठा, फुटेल!" म्हणून ओरडल्या, पण अप्पांना ऐकूच आलं नाही.

घरात माणसं दोन आणि फोन एक. जुना बटणांचा फोन त्यांनी नव्याच्या बदल्यात दुकानात देऊन टाकला होता. म्हणजे रोज दुपारी, नवरा घोरत असताना, माई दवाखान्याशी बोलत होत्या. तेही समोरासमोर, चेहरा दाखवून. एवढं बोलण्यासारखं साधं दुखणं कुठलं असतं? अलीकडे संध्याकाळी तिचे डोळे लाल दिसायचे. कांदा चिरला, असं ती सांगायची. पण परवा तर घरात कांदाच नव्हता!

विचारावं तर कसं? भर रस्त्यात एका पुढाऱ्याच्या बंगल्याचं चोरटं कनेक्शन तोडणाऱ्या या माणसाची, बायकोला "तुला काय होतंय?" एवढं विचारायला जीभ रेटेना. ती आपण होऊन सांगत नाही, म्हणजे प्रकरण तसंच असणार.

घरी आल्या आल्या त्यांनी माईंच्या हातातली बादली काढून घेतली.

"ठेव ती. मी आहे ना."

माई बघतच राहिल्या. अप्पांनी जन्म पाणीपुरवठ्यात घालवला होता, पण घरात पाण्याचा पेला कधी स्वतः भरून घेतला नव्हता. आज त्यांनी फरशी पुसली. भांडी घासली आणि सगळी उताणी ठेवली. रात्री जेवताना अचानक म्हणाले, "तुला काही खावंसं वाटतंय का? काहीही सांग. लाजू नकोस."

"अहो, तुम्हाला ताप आहे का?"

"माझं सोड गं," अप्पा म्हणाले. ते घाईघाईने उठून हात धुवायला गेले. माईंनी त्यांचं अर्धवट राहिलेलं ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा पांघरूण घेऊन पडले, पण कान स्वयंपाकघरात होते. थोड्या वेळाने माईंची कुजबुज ऐकू आली.

"लक्षण काही बरं दिसत नाही रे... नाही, स्पष्ट कुणी सांगत नाही... उशीर झाला तर जन्मभर मनाला लागून राहील. तू निघच."

अप्पांनी पांघरुणाचं टोक तोंडात कोंबलं. संपलं सगळं!

तासाभरात दाराची बेल वाजली. अप्पांनी दार उघडलं, तर समोर सोन्या. अंगात ॲप्रन, कोपरापर्यंत पीठ, छाती भात्यासारखी हलतेय. त्यांचा एकुलता एक मुलगा. गेल्या वर्षी ऑफिसातली कायमची नोकरी सोडून त्याने बेकरी काढली, त्या दिवसापासून बापलेक बोलले नव्हते. बेकरी गावाच्या दुसऱ्या टोकाला होती आणि अप्पा तो रस्ता टाळून फिरायला जात.

आत्ता मात्र त्यांनी त्याला घट्ट मिठी मारली.

"तुला कळलं?"

"माईनं सांगितलं. अप्पा, असं लपवायचं का?"

"मी कुठं लपवलं? मलाच काल कळलं."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"तिनं मला काही सांगितलेलंच नाही रे!"

"तिनं?" सोन्या मागे सरकला. "म्हणजे माईला काय झालंय?"

तेवढ्यात माई पदराने डोळे पुसत बाहेर आल्या. "आता मुलगा आलाय. आता तरी खरं सांगा, तुम्हाला काय झालंय?"

"मला?" अप्पा ओरडले. "तुला काय झालंय? रोज दुपारी तू दवाखान्याशी तासन् तास बोलतेस ते कशाला?"

माईंनी एकदम भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. "कुठला दवाखाना?"

अप्पांनी फोन उचलला, 'दवाखाना' शोधला आणि बटण दाबलं. सोन्याच्या ॲप्रनचा खिसा वाजू लागला.

अप्पांनी फोनकडे पाहिलं. मग खिशाकडे. मग माईंकडे.

"मग काय लिहू?" माई म्हणाल्या. "त्याचं नाव दिसलं की तुमचा पारा चढतो. आणि आवाजानं भागत नाही हो. वर्ष झालं पोराचा चेहरा बघून. या फोनमध्ये तो दिसतो."

अप्पांना खरं म्हणजे रागवायचं होतं. पण घरात कुणीच मरत नव्हतं, आणि त्या आनंदापुढे रागाला बसायला जागाच मिळेना. आधी सोन्या हसला, मग माई. अप्पांनी मिशीवरचं पीठ पुसलं आणि बराच वेळ पुसतच राहिले.

"चला, पळतो मी," सोन्या म्हणाला. "भट्टी तशीच सोडून आलोय. त्यात सकाळपासून नळाला धार नाही, पीठ मळायचं कसं हाच प्रश्न आहे."

"धार नाही म्हणजे?" अप्पांची मान वर झाली. "पाइप किती इंची?"

"मला काय माहीत?"

"पाइप माहीत नाही आणि धंदा करतोय!" अप्पांनी माळ्यावरून हत्यारांची पिशवी खाली ओढली आणि मुलाच्या आधी जिना उतरले.

संध्याकाळ झाली तरी दोघांचा पत्ता नव्हता. माईंनी घराला कुलूप लावलं आणि त्याही बेकरीत पोहोचल्या. आत गरम पावांचा वास भरला होता. अप्पा ओट्याखाली आडवे झाले होते, नुसते पाय बाहेर. सोन्या शेजारी उकिडवा बसून ते मागतील तो पाना देत होता.

"मोठं काम आहे का हो?" माईंनी वाकून विचारलं.

"फारच मोठं," ओट्याखालून उत्तर आलं. "रोज यावं लागेल. आठवडा तर कुठेच गेला नाही."

सोन्याने ओठांवर बोट ठेवून माईंना वर बघायची खूण केली. ओट्यावरच्या नळातून धो धो पाणी पडत होतं.