हबीबचाचांची चिठ्ठी

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात हबीबचाचा रोज सकाळी सगळ्यांचे खिसे तपासायचे. चोरीच्या संशयानं नव्हे. त्यांनी दिलेली चिठ्ठी शर्टाच्या खिशात आहे की नाही, एवढंच पाहायला. शाळेत मास्तर नखं पाहतात तसे आम्ही सहा बाप्ये रांगेत उभे राहायचो. मालकही सुटत नसत. एकदा चहावाल्या शंकररावांच्या खिशातही त्यांनी चिठ्ठी कोंबली. शंकररावांना वाटलं, मुलीला स्थळ आलं.

चिठ्ठीत लिहिलेलं असे, 'याच्या अंगात मशीनचं पाणी शिरलं आहे. भोक टाचणीएवढं दिसेल. आत नुकसान मोठं आहे. घरी पाठवू नये.' खाली तेच इंग्रजीत, कुण्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं.

आमचं मशीन पाण्याच्या धारेनं ग्रॅनाइट आणि लोखंडी पत्रा कापायचं. धार केसाएवढी, पण लोखंड काकडीसारखं चिरायची. त्या पाण्याला धरून ठेवणारे व्हॉल्व्ह चाचांच्या ताब्यात. एखादा झिरपू लागला की ते पंप बंद करत, दाब सोडून देत, काटा शून्यावर आणत आणि तरीही स्टूल ओढून बसून राहत. मालक घाईला येत. चाचा म्हणत, "उतरू द्या साहेब. पाणी रागात हाय." बायकोशी भांडून आलेल्या माणसालाही त्यांचा हाच सल्ला असे, उतरू दे.

गळती कुठे आहे हे ते पुठ्ठ्याची पट्टी फिरवून शोधत. पट्टी चिरली की जागा सापडली. बोट म्हणून कशाकडे करायचे नाहीत. मोहल्ल्यात ईदचा चंद्रसुद्धा पुठ्ठ्यानं दाखवतात, अशी त्यांची ख्याती होती.

ती वर्षं वाईट होती. पेरलेलं उगवत नव्हतं आणि उगवलेल्याला भाव नव्हता. खेड्यातली धडधाकट माणसं कामासाठी आमच्या फाटकाशी येऊन उभी राहत. मालकांना माणसं हवीच असत, पण चाचा त्यांना परस्पर वाटेला लावत. भातकुलीहून माझा मेहुणा आला, त्यालाही म्हणाले, वावरच बरं. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर डूख धरून होतो. म्हाताऱ्याचं काळीज दगडाचं आहे, असं मी चार लोकांत बोललोही.

मग एका दुपारी मशीन चालू असताना व्हॉल्व्हच्या जोडाशी ओल दिसली. पुठ्ठा लांब होता, बोट जवळ होतं. मी ओल पुसली. दाभण टोचावं तसं झालं, रक्ताचा थेंबही आला नाही. कुणीतरी चहाच्या टपरीवरून हळद आणली. चाचा धावत आले, त्यांनी हळदीचा डबा हातानं उडवला आणि मला स्कूटरवर बसवलं.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं भोक पाहिलं आणि मलम लावून उद्या या म्हणाला. मी चिठ्ठीसाठी खिशात हात घातला. शर्ट त्याच सकाळी बदललेला. चिठ्ठी जुन्या शर्टातच राहिली होती आणि तपासणीत 'आहे' अशी थाप मारून मी निसटलो होतो. तेव्हा चाचांनी बंडीच्या आतल्या खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, घडीवर फाटलेली एक चिठ्ठी काढली.

डॉक्टरनं ती वाचली आणि चेहरा बदलून विचारलं, "सलीम तुम्हीच?" माझ्याऐवजी चाचांनीच मान हलवली. तासाभरात मोठ्या डॉक्टरनं बोट उभं चिरून धुऊन काढलं. बोट वाचलं. चार दिवस नर्स मला सलीमभाई म्हणत होती. बायको आली तर तिला गजानन नावाचा पेशंटच सापडेना.

सलीम कोण, हे मी विचारल्यावर चाचांनी स्टूल पलंगाजवळ ओढलं.

"भाऊ हाय माहा. बार्शीटाकळीले वावर करे. तीन सालं पिकलं नाई, तं मीच आणलं त्याले मशीनवर. त्यालेबी असंच टोचलं. मी हळद लावली अन् म्हटलं, जाय घरी, काई नाई होत." मग म्हणाले, "हात काढल्यावर डॉक्टरनं मले समजावून सांगतलं. थे मी लिहून काढलं. पयली चिठ्ठी त्याच्याच नावाची."

सहा वर्षं सलीम त्यांच्याशी बोललेला नव्हता. मेहुण्याची गोष्ट आठवून मला माझीच लाज वाटली.

टाके निघाल्यावर चाचा माझ्याकडे आले. काम सांगताना इतके अवघडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "येशीन काय माह्यासंग? त्याले तुहं बोट दाखवू."

आम्ही गेलो. सलीम ओट्यावर बसला होता, उजवी बाही कोपराशी दुमडून शिवलेली. चाचा खाली अंगणातच थांबले, हात खिशात घालून. मी सगळं सांगितलं. सलीमनं डाव्या हातानं माझं बोट धरलं, व्रणावरून अंगठा फिरवला, वाकवून दाखव म्हणाला. मी वाकवलं. त्यानं पुन्हा वाकवायला लावलं. मग आत चहा सांगितला.

कप तीन आले. मी माझा उचलला, सलीमनं त्याचा. तिसरा ओट्यावर तसाच राहिला. चाचांना वर यायला कुणी म्हणेना आणि ते काही येईनात. मी कुजबुजत त्यांना या म्हणालो, तर त्यांनी नुसता तळहात हलवला, उतरू दे.

सलीमचा कप रिकामा झाला. तो अंगणाकडे न पाहता मला म्हणाला, "त्याले सांगा, चाय थंडा होऊन राह्यला."